मागं कोण बसलं हाय?

मालकांनी मध्यंतरी कंपनीच्या वाढदिवसाला एक गुळगुळीत पुस्तिका काढली. तीत दौलत मिस्त्रींवर दोन चांगले शब्द लिहून द्या, असं त्यांनी मला सांगितलं. मी दिले. मिस्त्री कामाला कसे पक्के होते, पाहुण्यांना किती जपायचे, असा माणूस पुन्हा होणे नाही, वगैरे. त्यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण पुस्तिका हातात आली आणि स्वतःचंच लिहिणं वाचून ती मी खणात उलटी ठेवली. तिथे जे गिळलं ते इथे काढते आहे. मालकांना याची प्रत पाठवणार नाही.

आमची कंपनी म्हणजे कामठी रोडवरचं एक पत्र्याचं ऑफिस, मागे मोकळं आवार आणि आवारात तीन कॅराव्हॅन. मिनीबसच्या सांगाड्यावर घर बसवलेलं. दोन पलंग, ओटा, सिंक, गॅसची शेगडी आणि जेमतेम वळता येईल असा संडास. पेंच, ताडोबा, पचमढी, चिखलदरा अशा सहलींना लोक त्या भाड्याने नेत. आम्ही त्यांना घरगाडी म्हणत असू. मी बुकिंग, फोन, पाहुण्यांच्या तक्रारी आणि मालकांचा राग एवढं सगळं सांभाळत असे.

मिस्त्री आले तेव्हा पहिल्या घरगाडीने आमच्या नाकी नऊ आणले होते. वेग जरा वाढला की ती सरळ चालायची नाही. ड्रायव्हर सारखा स्टेअरिंगशी झटापट करायचा आणि उतरल्यावर खांदे चोळत बसायचा. तीन गॅरेजवाल्यांनी तीन वेळा चाकं जुळवून दिली आणि तिघांनी रस्त्याला दोष दिला. मग कोणीतरी कन्हानच्या या माणसाचं नाव सांगितलं. सरकारी बसच्या वर्कशॉपात जन्म घालवून निवृत्त झालेले, उंच, पाठीत जरा वाकलेले. बसच्या पोटाखाली उभं राहून राहून तसे झाले असावेत. खाकी अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खांद्यावर दुपट्टा. हत्यारांची पेटी आणलेली नव्हती. मालकांनी किल्ली पुढे केली तर घेतली नाही. म्हणाले, तुम्ही चालवा, मी मागं बसतो. मला त्यांनी एक पातेलं काठोकाठ भरून ओट्यावर ठेवायला सांगितलं.

कन्हानच्या पुलापर्यंत जाऊन गाडी परत आली. मिस्त्री पँटचे पाय भिजवून उतरले आणि म्हणाले, "पाण्याची टाकी मागं, गॅस मागं, जनरेटर मागं. सगळं घर मागच्या चाकाच्या बी मागं. समोरचं चाक रस्त्याले टेकूनच नाही राहिलं, ते ऐकन कसं?" गाडी बांधणाऱ्या कारागिरावर मालकांचा फार विश्वास होता, त्यांनी वाद घातला. मिस्त्रींनी वाद घातला नाही, फक्त घरी जायला निघाले. शेवटी टाकी उचलून पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये बसवली आणि गाडी शहाण्यासारखी चालू लागली. मिस्त्री त्याच आठवड्यात नोकरीला लागले.

ही मागे बसायची रीत त्यांनी कधी सोडली नाही. स्टेअरिंगचं दुखणं ड्रायव्हरला विचारायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. त्यांचं म्हणणं, ड्रायव्हर खोटं बोलते. खड्ड्यात आपटली असंन तर सांगणार नाही, डुलकी लागली असंन तर सांगणार नाही, पाहुण्याच्या पोराच्या हाती गाडी दिली असंन तर मुळीच सांगणार नाही. गाडीत मागे बसलेल्या माणसाला लपवण्यासारखं काही नसतं, म्हणून तो खरं तेच सांगतो. त्यातही बायका. त्यांना डबे कुठे ठेवले होते आणि आता कुठे आहेत, हे माहीत असतं.

मिस्त्री मोबाइल ठेवत नसत. खिशात वाजला की डोकं गाडीखाली आपटतं, म्हणत. त्यामुळे रस्त्यात अडलेल्या गाडीचा फोन माझ्या मोबाइलवर यायचा. मी तो आवारातल्या रिकाम्या ड्रमवर ठेवून आवाज मोठा करायची. मिस्त्री हात पुसत यायचे आणि ड्रायव्हर काही बोलू लागायच्या आत विचारायचे, "मागं कोण बसलं हाय?" मग फोन मागे जायचा.

एकदा देवलापारच्या पुढे गाडी अडली. स्टेअरिंग एकाएकी दगडासारखं जड झालं, एवढंच ड्रायव्हर सांगत होता. मागे एक आजी होत्या. मिस्त्रींनी त्यांना विचारलं की आधी काय झालं, आवाज आला का. आजी म्हणाल्या, कापड फाटल्यासारखा टर्रकन आवाज आला, आणि तेव्हापासून आतला दिवा पिवळट झालाय, मला स्वेटरचे टाके दिसत नाहीत. मिस्त्रींनी लगेच निकाल दिला. इंजिनवरचा पट्टा तुटला. त्याच पट्ट्यावर स्टेअरिंगचा पंप फिरतो, त्याच्यावरच दिव्याची बॅटरी भरते, आणि त्याच्यावरच इंजिनाला थंड ठेवणारं पाणी फिरतं. म्हणजे जोर लावून दामटली तर इंजिन जळेल. चावी काढा आणि आजींना सावलीत बसवा. तासाभराने निरोप आला की पट्ट्याच्या चिंध्या सापडल्या.

असं काही बरोबर निघालं की मिस्त्री हात धुवायला बसायचे. साबणाचा चुरा, वर लिंबाची फोड, एकेक बोट. हसायचे नाहीत, नाकातून हवा सोडायचे. सगळं आवार येऊन "काय होतं, मिस्त्री?" असं विचारेपर्यंत त्यांचे हात स्वच्छ होत नसत. मला त्या हात धुण्याची मजा वाटायची. आता वाटत नाही. बरोबर असण्याचं व्यसन दारूपेक्षा वाईट असतं, आणि ते आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना लावलं होतं.

मी त्यांच्याकडून ऐकून ऐकून एका पुठ्ठ्यावर तीन ओळी लिहिल्या आणि ऑफिसच्या बाहेरच्या भिंतीवर लावल्या. स्टेअरिंग जड झालं तर थांबून फोन करा. एका बाजूला ओढत असेल तर आधी टायरची हवा पाहा. खुळखुळं झालं, म्हणजे फिरवूनही चाक ऐकत नसेल, तर चावी काढा, खाली उतरा, कोणी काही म्हणो. हे "कोणी काही म्हणो" मिस्त्रींनी मुद्दाम घालायला लावलं होतं. जड गाडी हळूहळू आणता येते, ओढणारीही आणता येते, पण खुळखुळी गाडी मालक जरी म्हणाला तरी हलवायची नाही, असं ते म्हणत.

आता धनराजबद्दल. धनराज आमचा सगळ्यात चांगला ड्रायव्हर आणि सगळ्यात खोटारडा. कुहीकडचा, घरी धानाची शेती, बापाची एक बैलजोडी. गाडी अशी चालवायचा की सिंकमधला पेला हलायचा नाही. पण ताडोब्याहून येताना वाट वाकडी करून बहिणीकडे तांदळाचं पोतं टाकून यायचा आणि उशीर काहून झाला विचारलं तर उमरेडला जाम लागला म्हणायचा. एकदा पाहुण्यांपैकी एका बाईने फोनवर सांगितलं की डबे सगळे डाव्या भिंतीला जाऊन बसलेत. धनराज म्हणत होता, गाडीला काही झालेलं नाही. मिस्त्रींनी डावं टायर हाताने पाहायला लावलं. ते चटका बसेल इतकं तापलेलं आणि अर्धं बसलेलं. ढाब्यावर वळताना त्याने दगडाला घासलं होतं. आवारात आल्यावर मिस्त्रींनी त्याला चार माणसांत सोलून काढलं. धनराज मान खाली घालून ऐकत होता आणि हसत होता. त्याच्यावर फार वेळ रागावता यायचं नाही, ही त्याची खरी कमाई.

मग तो पोळा. पोळ्याच्या दिवशी मालकांनी धनराजला ड्युटी लावली. पोळ्याला घरचे बैल सजवायला घरचा माणूस नसणं म्हणजे कुहीकडे काय, हे मालकांना कळायचं नव्हतं. आदल्या संध्याकाळी धनराज गाडी लावून आला आणि म्हणाला, स्टेअरिंग ओढून राहिलं, सकाळी नेणं बरं नाही. पोरीची शपथ घेतली. मिस्त्री दोन तास गाडीखाली पडून राहिले. एकेक जोड हाताने हलवून पाहिला. काही निघालं नाही. पण शपथ घेतली म्हणून त्यांनी गाडी सोडली नाही, ड्युटी रद्द झाली. दुसऱ्या दिवशी आमच्यातल्याच एकाच्या मोबाइलवर धनराजचा फोटो आला. बैलांच्या शिंगांना बेगड लावलेली, मध्ये धनराज, तोंडभर हसू. सगळं आवार हसलं. मिस्त्रींना चार दिवस जो तो विचारत होता, स्टेअरिंग सापडलं का. त्या चार दिवसांत त्यांनी हात कसे धुतले, मला आठवत नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा पोळ्याचा आदला दिवस. छिंदवाड्याला पाहुणे नातेवाइकांकडे राहिले आणि धनराज रिकामी गाडी घेऊन परत निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी धरमपेठेतल्या एका कुटुंबाला घेऊन ताडोब्याला जायचं होतं, ड्युटी त्याचीच. दुपारी सावनेरहून त्याचा फोन आला. मॅडम, मिस्त्रीले द्या लवकर. मी नेहमीसारखा फोन ड्रमवर ठेवला.

"मिस्त्री, स्टेअरिंग एकाएकी खुळखुळं झालं. मघापर्यंत ठीक होतं. आता एवढं फिरवलं तरी चाक हलून नाही राहिलं, नि मंग एकदम हलते."

"मागं कोण बसलं हाय?"

"कोणी नाही. रिकामी गाडी हाय."

"कुठं ठोकली?"

"नाही ठोकली. माह्या पोरीची शपथ."

"मागच्या साली बी शपथच घेतली होती तू."

धनराज म्हणाला, "या साली खरं हाय, मिस्त्री."

आवारात सगळे काम थांबवून ऐकत होते. कोणीतरी मागून म्हणालं, पोळा आला. सगळे हसले. मीही हसले, हे लिहायचं टाळणार होते, पण नाही टाळत. मिस्त्रींनी नाकातून हवा सोडली.

"उद्याची ड्युटी तूच करशीन," ते म्हणाले. "घेऊन ये हळूहळू. मी इकडे पाहतो."

"येऊ ना मंग? तुम्ही म्हणता तं येतो."

"ये."

चार मिनिटांचा फोन. माझ्या मोबाइलमध्ये त्याची नोंद होती. ड्रमच्या मागेच तो पुठ्ठा होता, माझ्याच अक्षरातला. मी त्याच्याकडे पाहिलं. म्हणावंसं वाटलं की मिस्त्री, खुळखुळं म्हणतोय तो. पण मिस्त्रींना स्टेअरिंगमधलं मी काय सांगणार, असं म्हणून आत जाऊन उद्याच्या पाहुण्यांची यादी काढत बसले.

कोराडीच्या अलीकडे, वीज केंद्राची राख नेणाऱ्या ट्रकांच्या रांगेमागे, चाकाला वळवणाऱ्या दांड्याचा जोड निसटला. धनराजच्या हातात स्टेअरिंग नुसतं फिरत राहिलं असणार. गाडी उताराला लागून रस्त्याच्या खाली गेली आणि एका निंबाच्या झाडावर बसली. दुसऱ्या कोणालाही खरचटलं नाही. धनराजचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला आणि डोक्याला मार बसला. त्याला त्या दिवशीची सकाळ आठवते, छिंदवाड्यात पोहे खाल्लेले आठवतात, पुढचं काही आठवत नाही. त्याच्या मोबाइलचा चेंदामेंदा झाला होता.

दहा-बारा दिवसांनी विम्याचा सर्व्हेअर आला. तरुण, घाईतला माणूस. त्याने मिस्त्रींना विचारलं की ड्रायव्हरने आधी काही बिघाड कळवला होता का. मिस्त्री ड्रमला टेकून उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"नाही," ते म्हणाले. "सांगितलं असतं तं म्या गाडी हलू दिली नसती."

सर्व्हेअरने मला विचारलं. मी म्हणाले, ऑफिसात दिवसभर फोन येतात, नेमकं आठवत नाही. हसलेले बाकीचे सगळे कोणी पाणी आणायला, कोणी जेवायला गेले होते. मालक शेजारीच होते. त्यांनी मला गप्प राहा म्हणून सांगितलं असतं, डोळा जरी मारला असता, तर आज दोष द्यायला माझ्याकडे एक माणूस असता. त्यांनी काहीच केलं नाही. मला कोणी धमकावलं नाही, कोणी विनवलंही नाही. मी आपण होऊन गप्प राहिले, कारण ते सोपं होतं आणि समोर दौलत मिस्त्री होते. ड्रायव्हरचा निष्काळजीपणा असा शेरा पडला. पोलिसांतही तेच लिहिलं गेलं, लायसन्स गेलं, आणि कुहीत लोक म्हणू लागले की पोळ्याची दारू आधीच घेतली असेल.

चारेक महिन्यांनी धनराज कुबडी घेऊन आवारात आला. आम्ही खुर्ची दिली, त्याने ती घेतली नाही. सरळ मिस्त्रींपाशी गेला.

"मिस्त्री, एक विचाराले आलो. गावात म्हणते मी पेलो होतो. बायकोले बी तसंच वाटते. मले काहीच आठवत नाही, मी पेलो होतो का तेही नाही. एवढं सांगा, मी तुम्हाले फोन केला होता का? केला असंन तं मी शुद्धीत होतो."

इतका साधा हिशेब. पायाबद्दल तो काही मागायला आला नव्हता. आपण त्या दिवशी कोण होतो, एवढंच त्याला हवं होतं, आणि फोन ऐकलेले बाकीचे पुन्हा पांगलेले असल्याने ते दोन माणसांच्या हातात होतं. एक मिस्त्री, एक मी. मिस्त्री चिंधीने पाना पुसत होते. पाना स्वच्छ झाला तरी पुसत राहिले.

"नाही केला," ते म्हणाले.

धनराजने मान हलवली. मग तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, मॅडम, तुम्ही तं भिंतीवर लिहूनच ठेवलं होतं, चूक माहीच हाय. मी त्याला चहा विचारला. त्या घटकेला मला चहा सुचला. तो नको म्हणाला आणि बसस्टॉपकडे निघाला.

त्या दिवसापासून दौलत मिस्त्री संपले. कोणाचाही फोन आला तरी ते मागे कोण बसलं आहे ते विचारत नसत. जड असो, ओढत असो, नुसता आवाज असो, एकच उत्तर, उभी करा. टायरमध्ये हवा कमी असली तरी उभी करा. एकदा पाहुण्यांनी ओट्यावरची बरणी नीट बांधली नाही म्हणून खडखड वाजत होती, तरी त्यांनी गाडी पवनीजवळ रस्त्यात तीन तास उभी ठेवली आणि स्वतः बसने जाऊन गाडीखाली शिरले. सहली बुडू लागल्या. मालक म्हणाले, मिस्त्रींचं आता वय झालं. मला कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की वय नाही झालं. पण त्याही वेळी मी विचारण्याचीच वाट पाहत बसले होते. नारळ, शाल देऊन त्यांना घरी पाठवलं. जाताना त्यांनी भिंतीवरचा पुठ्ठा काढून घेतला आणि चुलीत घालायला म्हणून कन्हानला नेला.

धनराज कुहीत एका राइस मिलच्या फाटकावर बसू लागला. येणाऱ्या ट्रकांची नोंद करायची. आमच्याकडे पूर्वी असलेला एक ड्रायव्हर तिकडे धान घेऊन जातो, त्याने मला सांगितलं की धनराज प्रत्येक ट्रकवाल्याला थांबवून एकच गोष्ट सांगतो. स्टेअरिंग जरा खुळखुळं वाटलं का फोन करा गा, मी केला नव्हता. हे ऐकल्यावर मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी जेवले. माणूस जेवतोच.

गेल्या उन्हाळ्यात मिस्त्रींना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांना नागपुरात दवाखान्यात ठेवलं, असं कळलं. मी दुपारच्या भेटीच्या वेळेला गेले. वॉर्डात पाहते तर खाटेशी धनराज. मिस्त्रींची बायको मागेच गेलेली, मुलगी भंडाऱ्याला शाळेत शिकवते, तिला रोज येणं जमत नव्हतं. धनराज मिलमधून रजा काढून आठ दिवस तिथेच होता. मला बाजूला घेऊन म्हणाला की माह्यापायी मिस्त्रीची नोकरी गेली, नाव गेलं, एवढं तरी मी कराले पायजे. मिस्त्रींची जीभ जड झाली होती, पण बोलणं कळत होतं. त्यांनी धनराजला चहा आणायला पाठवलं आणि त्याच्या कुबडीचा आवाज जिन्यावर जाईपर्यंत थांबले.

"ताई, माह्यानं होत नाही," ते म्हणाले. "धा वेळा तोंड उघडलं. तो उशी नीट करते नि माहं तोंड बंद होते. तुम्ही सांगा त्याले. तुमच्याच फोनवर आला होता."

मी म्हणाले, आत्ताच सांगते. खरोखर सांगायचं ठरवूनच उठले. इतकी वर्षं जे कोणी विचारत नव्हतं ते आज कोणीतरी सांगायला सांगत होतं, मला सुटल्यासारखं वाटलं. खाली कँटीनबाहेरच्या नळावर धनराज थर्मास विसळत होता. कुबडी काखेत धरून दोन्ही हातांनी विसळणं त्याला चांगलं जमू लागलं होतं. मी म्हटलं, धनराज, तुला एक सांगायचं आहे. तो म्हणाला, सांगा ना मॅडम, आणि लगेच स्वतःच बोलू लागला. गावानं काय काय म्हटलं, बायको दोन वर्षं कशी बोलली नाही.

"पण मिस्त्रीनं मले एका शब्दानं बोल नाही लावला," तो म्हणाला. "पूर्ण गाडी मोडून टाकली म्या त्याईची. एका शब्दानं नाही. त्याच्यावरच उभा हावो मी."

मग म्हणाला, काय सांगत होते तुम्ही? मी म्हणाले, काही नाही, मी निघते आहे थोड्या वेळाने, त्यांना औषधं वेळेवर दे. हे मी दयेने केलं असं मला त्या जिन्यात वाटलं होतं. ते खरं नाही. त्याच्या तोंडाकडे पाहून सांगण्याची माझी छाती झाली नाही.

मी त्याच्या आधी वर आले. मिस्त्रींचे डोळे दारावरच होते.

"सांगितलं?"

"हो," मी म्हणाले.

"काय म्हणाला?"

"काही नाही म्हणाला."

मिस्त्रींनी डोळे मिटले. त्यांचा चेहरा इतका मोकळा झालेला मी कधी पाहिला नव्हता. मी पिशवी उचलायच्या बेतात होते, तेवढ्यात धनराज आला. त्याने कुबडी खाटेला टेकवली, स्टुलावर बसला, बशीत चहा ओतला आणि फुंकर घालून मिस्त्रींच्या तोंडाशी नेला. मिस्त्रींनी चहा घेतला नाही. चांगल्या हाताने त्याचं मनगट धरलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी कानापर्यंत गेलं.

"ऐकूनही आला गा तू," ते म्हणाले.

"काय ऐकून, मिस्त्री?"

मिस्त्रींनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते, पिशवीचे बंद हातात घेऊन. वॉर्डात दुपारचे पंखे फिरत होते, पलीकडच्या खाटेवरच्या बाईचे नातेवाईक जेवणाचा डबा उघडत होते. धनराज एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत होता. त्याला कोणीही सांगू शकलं असतं. मिस्त्रींचे ओठ हलले, आणि मी मान खाली घातली.

"काही नाही," मिस्त्री म्हणाले. "चहा दे."

धनराजने उशी जरा वर सरकवली आणि बशी त्यांच्या ओठांना लावली.